एका ताटातली दोन रिव्हॉल्व्हरं

आश्विन शुद्ध नवमी. ताटातली दक्षिणा एकशे एक रुपये. हजर वहिनी, माझी बायको सुनंदा, पुतण्या अमोल आणि मी. जागा निपाणीतलं आमचं घर, तंबाखूच्या वखारीला लागून असलेली मागची खोली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. यंदाच्या ताटात खुरपं होतं, विळी होती, पोती शिवायचा दाभण होता, मी कारखान्यात मापं घ्यायला वापरतो ते कॅलिपर होतं आणि अमोलचा लॅपटॉप होता. वहिनी लॅपटॉपला हळदीकुंकवाचं बोट लावायला गेल्या तसा अमोल ओरडला, "आई, पडद्याला नको गं, झाकणाला लाव." सुनंदा हसली, वहिनीही हसल्या. झेंडूची फुलं नेहमीइतकीच आणली होती, पण ताटात ती जास्त दिसत होती, कारण जागा रिकामी होती. वहिनींनी दोन मुठी फुलं उचलून बरोबर त्या रिकाम्या जागेत ठेवली आणि ताट भरल्यासारखं केलं.

पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून यायची असते, त्या मधल्या दिवसांना आमच्या भागात एक वास असतो. शेतात तंबाखू गुडघ्याच्या वर आलेली असते. शेंडे खुडणाऱ्या बायकांच्या हातांना चीक लागतो, तो वाळून काळा होतो आणि साबणाला दाद देत नाही. ऊन असं पडतं की पावसाळ्यात ओलं झालेलं सगळं एकदम वाफ टाकायला लागतं, पोती, भिंती, वखारीची कौलं. त्यात झेंडूचा कडू वास. घटातलं धान उगवून पिवळं पडलेलं. पूर्वी ह्या वासात आणखी एक वास मिसळलेला असायचा, बंदुकीच्या तेलाचा. ते तेल पातळ असतं, शिलाई मशीनच्या तेलासारखं, पण वास जरा उग्र. गेल्या वर्षीही तो नव्हता आणि यंदाही नाही. तरी नाक शोधतं.

रिव्हॉल्व्हर म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात. आमच्या घरात ते कधी तसं नव्हतं. तंबाखूचा व्यवहार सगळा रोखीचा असताना वडील हंगामात पैसे घेऊन फिरत, म्हणून त्यांनी आम्हा दोघा भावांच्या नावे रीतसर परवाने काढले आणि एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच सरकारी कारखान्याची दोन रिव्हॉल्व्हरं घेतली. निवडणूक लागली की दोन्ही पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. बाकी वर्षभर ती तिजोरीत कागदपत्रांच्या शेजारी पडून असत. कोणावर रोखायची वेळ आली नाही. पुढं पैसे बँकेतून जायला लागले आणि रिव्हॉल्व्हरांना काही कामच उरलं नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. त्याला रिकामी माणसं आवडत नसत आणि रिकामी वस्तूही. वखार त्यानं सांभाळली. मी डिप्लोमा करून बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात लागलो आणि बेळगावच्याच शहापुरात राहिलो. अण्णानं पन्नाशीत बेळगावच्या एका नेमबाजी क्लबात नाव घातलं. दर रविवारी पहाटे गाडी काढून निपाणीहून यायचा, शहापुरात चहा प्यायचा, मला उठवायचा आणि आम्ही दोघं शहराबाहेर टेकडीच्या पोटाला असलेल्या रेंजवर जायचो. मलाही मारायला येत होतं. अण्णा चारचौघांत सांगायचा, "बाळूचा हात माझ्यापरास थंड हाय. पण त्येला भूक न्हाय." ते खरं होतं. मला कागदावरची भोकं मोजायला आवडायचं, ती पाडण्यात फारसा रस नव्हता.

माझं कामच ते. कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. दांडा आणि भोक, पिस्टन आणि सिलिंडर, एकात एक बसणाऱ्या वस्तू मोजायच्या. बसला तर पास, नाही बसला तर बाद. माणसाला वाटतं की बसलं म्हणजे जुळलं. तसं नसतं. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, आणि ते मला मशीनपेक्षा त्या रिव्हॉल्व्हरांनी जास्त शिकवलं.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी आधी सिलिंडरच्या सहा घरांपैकी एकात बसलेली असते. घराचं तोंड पुढं थोडं निमुळतं असतं. घोडा पडला की गोळी त्या तोंडातून निघते, एक फट ओलांडते आणि नळीत शिरते. विकतच्या गोळीला तांब्याचं कवच असतं, ती दामटून जाते. पण क्लबात क्लबच्या परवान्यावर ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरत, स्वस्त पडतात म्हणून. शिसं मऊ. घराचं तोंड नळीपेक्षा अरुंद असलं तर गोळी तिथंच दाबून बारीक होते आणि मग रुंद नळीत ढिली जाते. नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या खाचांत ती नीट धरली जात नाही, कडेनं गरम वायू निसटतो, शिसं वितळून नळीला चिकटतं आणि गोळी मनाला येईल तिकडं जाते. हत्यार चांगलं, नळी चांगली, सिलिंडर चांगलं. दोघांचं जुळत नाही इतकंच.

अण्णाच्या रिव्हॉल्व्हरची नळी आतून माझ्या नळीपेक्षा सहा शतांश मिलिमीटरनं रुंद होती. डोक्यावरच्या एका केसाची जाडी तेवढी असेल. क्लबची हत्यारं सांभाळायला एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी पहिल्याच महिन्यात ते ओळखलं. म्हणाले, "अण्णासाहेब, तुमची नळी ढिली आणि सिलिंडर घट्ट. नवरा-बायको एका घरात राहत्यात, पण बोलणं बंद हाय." अण्णा लगेच म्हणाला, "मग सुभेदार, बोलणं सुरू करायचं काय घेताय?" सुभेदारांनी परवानाधारक कारागिराकडून सहाही घरांची तोंडं नळीच्या मापाला आणून घेतली. त्यानंतर अण्णाच्या सहा गोळ्या आमटीच्या वाटीखाली झाकल्या जायला लागल्या. चांगला जमलेला कागद तो घरी आणायचा आणि वखारीत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय वो मालक, कसर लागली का कागदाला?" अण्णा म्हणायचा, "व्हय. शिशाची कसर."

तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला ताट भरलेलं होतं. हळद आत गेली तर गंजाला निमित्त, म्हणून आम्ही दोन्ही रिव्हॉल्व्हरं उघडून, सिलिंडर बाहेर काढून, सगळं पुसून वेगवेगळं ठेवायचो. आमचं रिव्हॉल्व्हर मधोमध वाकून उघडतं आणि एक स्क्रू फिरवला की सिलिंडर वर उचलून हातात येतं. नंबर सांगाड्यावर कोरलेला होता, सिलिंडरवर काही नव्हतं. सुनंदानं ताट मांडलं. सांगाडे दोन बाजूंना ठेवले आणि मध्ये दोन सिलिंडर शेजारी-शेजारी, शोभतील तशी. त्यांच्या एकेका घरात तिनं झेंडूची पाकळी खोवली होती. वहिनींनी ओवाळलं. आरती झाली, दक्षिणा ठेवली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आल्यावर अण्णा आणि मी पाटावर बसून ती जोडली. अण्णा यंदा तंबाखूच्या पानाला वजन नाही म्हणत होता, मी माझ्या मुलीच्या कॉलेजच्या फीबद्दल बोलत होतो. हात आपापलं काम करत होते. दोन्ही सिलिंडर दोन्ही सांगाड्यांत नीट बसली. खट्ट आवाजही बरोबर आला. अण्णा म्हणाला, "चला, वर्षाची सोय झाली."

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी अण्णाच्या गोळ्या फाकल्या. आमटीच्या वाटीऐवजी ताट लागलं असतं झाकायला. तो हसला, म्हणाला, "नवरात्रात कडाकण्या जास्त खाल्ल्या." पुढच्या रविवारीही तेच. एक नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या बंदोबस्तामुळं मधला एक रविवार रेंज बंद होती. त्या आठवड्यात त्यानं चष्मा बदलला. मग चहा सोडला. मग उभं राहायची पद्धत बदलली. क्लबातल्या एका वकिलानं थट्टा केली, "अण्णा, कागदाला मारा, टेकडीला कशाला मारताय? तिनं काय केलंय तुमचं?" अण्णा हसला, पण हसताना त्याची नजर माझ्याकडं आली आणि लगेच खाली गेली. डिसेंबरात बाहेरगावी एक स्पर्धा होती. ज्येष्ठांच्या गटात त्याचं नाव पहिल्यांदाच गेलं होतं. वखारीतल्या खिळ्याला जुनाच कागद लटकत होता.

त्या महिन्यातल्या काही गोष्टी मी तेव्हा बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. गाडीची किल्ली तो डाव्या हातानं फिरवायला लागला होता. सुपारी कातरायचं सुनंदाला सांगितलं, जी त्यानं जन्मात कोणाला कातरू दिली नव्हती. एकदा रेंजवरून येताना सिग्नलला थांबलो असताना त्याचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये मांसाचा जो उंचवटा असतो, तिथं खळगा दिसला. रिव्हॉल्व्हरची मूठ जिथं टेकते तीच जागा. उन्हाची सावली पडली असेल असं मी मनाशी म्हटलं. मोजणारा माणूस मी. पण मोजायचं काय, हे मोजणाराच आधी ठरवतो, आणि जे नको ते मापाच्या बाहेर ठेवतो.

सुभेदारांनी एका रविवारी अण्णाच्या नळीत उजेड धरून पाहिलं आणि म्हणाले, "शिसं चढलंय. लई चढलंय. असं व्हायला न्हाय पाहिजे." माझ्या डोक्यात एकदम काहीतरी उजळलं. सोमवारी मी कारखान्यातून परवानगी घेऊन पिन गेज आणली, म्हणजे ठरावीक जाडीच्या गुळगुळीत सळ्या, भोकात घालून माप बघायच्या. पुढच्या रविवारी रेंजच्या खोलीत, सुभेदारांसमोर, दोन्ही सिलिंडरची बाराच्या बारा घरं मोजली. अण्णाच्या रिव्हॉल्व्हरमधल्या सिलिंडरच्या घरांची तोंडं अरुंद निघाली. माझ्यातली रुंद. मी पुन्हा मोजलं. तेच.

"अण्णा," मी म्हणालो, "अदलाबदल झालीय. तुझं सिलिंडर माझ्याकडं आलंय. माझं तुझ्याकडं गेलंय."

"कधी?"

"ताटात. नवमीला."

अण्णा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं टेबलावर थाप मारली, डाव्या हातानं. "तुझ्या बायकोनं! सुभेदार, बघा. भावजयीनं ताट मांडलं आणि माझा महिना गेला!"

माझ्या रिव्हॉल्व्हरला काही झालं नव्हतं, कारण रुंद तोंडातून निघालेली गोळी माझ्या अरुंद नळीत घट्टच जायची. भोगत होता तो एकटाच. सुभेदारही हसायला लागले. "देवाच्या ताटात नवरा-बायकोची अदलाबदल! हे मी पलटणीत पण बघितलं न्हाय."

नोकरीत मी हजारो दोष शोधले असतील. दोष सापडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आम्ही सिलिंडर बदलली, नळीतलं शिसं घासून काढलं, तोवर रेंज बंद व्हायची वेळ झाली होती. येताना अण्णानं गाडी थांबवून भजी घेतली आणि कागदातली गरम भजी खात सुनंदाला फोन लावला. "सुनंदा, तुला आता पुढच्या वर्षी ताटाला हात लावू द्यायचा न्हाय बघ." सुनंदाला काही कळेना. तो मोठमोठ्यानं सांगत होता, हसत होता. भज्याचा एक तुकडा त्याच्या बोटांतून निसटून सदऱ्यावर पडला, तोही त्यानं हसतच झटकला.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. वहिनी मला सहसा कामाच्या वेळी फोन करत नाहीत.

"भावजी, एक विचारते. त्या सिलिंडरचाच दोष हाय न्हवं?"

"व्हय वहिनी. मोजून बघितलंय मी."

"मग झालं तर." मागं वखारीतल्या बायकांचा कालवा ऐकू येत होता. "सदऱ्याची गुंडी त्येंची मीच लावते सकाळी. लई दिस झालं. मला म्हणतात, घाई हाय, तू लाव. घाई कसली, भावजी? वखार तर दारात हाय."

मी हातातलं कॅलिपर टेबलावर ठेवलं.

"तुम्ही मोजलंय न्हवं? दोष लोखंडातच निघालाय न्हवं? मग बास. आता आणखी काय मोजू नका. डिसेंबर तेवढा जाऊ दे त्येंचा."

पुढचं सगळं आता घडून गेलेलं आहे, म्हणून ते इथंच सांगून टाकतो. अण्णाला नसांचा आजार होता. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचवणाऱ्या नसा एकेक करून वाळत जातात. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, मग बंगळूरला जाऊन आलो, तिथंही तेच सांगितलं, फक्त जास्त सौम्य शब्दांत. आधी उजवा हात गेला, मग डावा, मग पाय. बुद्धी शेवटपर्यंत लख्ख होती, हा त्या आजाराचा खरा दुष्टपणा. वखारीतल्या कोणत्या पोत्याला बुरशी येईल हे तो खाटेवरून वासावर सांगायचा, आणि तोंडावर बसलेली माशी त्याला हाकलता येत नव्हती. दीड वर्षानं, तंबाखूच्या ऐन खरेदीत, तो गेला. त्याचं रिव्हॉल्व्हर कायद्याप्रमाणं बंदुकीच्या दुकानात जमा झालं. माझंही मी देऊन टाकलं. दुकानदारानं विचारलं, "तुमचं कशाला देताय? चांगलं हाय की." चांगलं होतंच.

लोक मला अण्णाच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारतात. नवरात्र आलं की मला मात्र ते दिवस आठवत नाहीत. सिलिंडर बदलल्यानंतरचा रविवार आठवतो.

त्या दिवशी थंडी पडायला सुरुवात झाली होती. रेंजवरचं गवत वाळून पिवळं झालं होतं आणि बांधावर एक टिटवी सारखी ओरडत होती. सुभेदारांनी नव्या गोळ्यांचा डबा काढून ठेवला होता. अण्णानं नवा सदरा घातला होता. त्याची वरची गुंडी लावलेली होती. कोणी लावली ते मला माहीत होतं.

अण्णा उभा राहिला. दोन्ही हातांत मूठ धरली. पूर्वी तो गोळी मारायच्या आधी एक मोठा श्वास घेऊन अर्धा सोडायचा आणि मग त्याच्या अंगात काही हलायचं नाही. दगडी खांब उभा आहे असं वाटायचं. त्या दिवशीही त्यानं श्वास घेतला, अर्धा सोडला. नळीचं टोक थरथरलं नाही. ते हळूहळू खाली वाकत गेलं, झोप येणाऱ्या माणसाची मान वाकते तसं, आणि त्यानं ते झटका देऊन वर आणलं. सहा वेळा तसं झालं.

कागद आणला. सहा भोकं सहा दिशांना. एक तर काळ्या गोलाच्या पार बाहेर, कागदाच्या कोपऱ्यात.

सुभेदारांनी नळीत उजेड धरून पाहिलं. नळी आरशासारखी होती. शिशाचा डाग नव्हता. त्यांनी ती माझ्यापुढं धरली आणि मीही पाहिली. मग आम्ही दोघं टिटवीकडं बघायला लागलो.

"बाळू," अण्णा म्हणाला, "आता तू मार."

"माझं आणलंय की मी, अण्णा. त्यानंच मारतो."

"तुझं न्हवं. माझं घे. ह्येच. ह्याच डब्यातल्या गोळ्या घाल."

"कशाला उगाच? नळीला अजून सवय व्हायची असंल."

"लोखंडाला कसली सवय, इंजिनिअर?" तो म्हणाला. "मार तू. मी हितंच उभा हाय."

मी त्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं. मूठ कोमट होती. सहा घरांत सहा गोळ्या घातल्या. पहिली मारली आणि ती कुठं गेली हे मला कागद न बघताच कळलं. अण्णानं जुळवून घेतलेलं ते हत्यार होतं, नळी आणि सिलिंडर एका मापात आलेली, त्यात चूक करायला जागाच नव्हती. दुसरी, तिसरी, चौथी. चौथीनंतर माझ्या कानात वहिनींचा आवाज आला. दोष लोखंडातच निघालाय न्हवं? चार गोळ्या एका ठिकाणी बसल्या होत्या आणि अण्णा माझ्या मागं उभा राहून श्वास धरून बघत होता. त्याला काय हवं आहे हे मला समजेना. चांगला कागद निघावा असं त्याला वाटत असेल की वाईट?

पाचवी मी डावीकडं वर नेली. सहावीही.

कागद आला. अण्णानं तो टेबलावर पसरला आणि कोपऱ्यावर डावा पंजा ठेवला. मध्ये चार भोकं, आमटीची वाटी सोडा, मिठाच्या वाटीखाली झाकतील अशी. डावीकडं वर दोन. मी म्हणालो, "बघ, माझ्याही दोन गेल्या. अजून थोडा खेळ हाय ह्यात. सिलिंडरची फट एकदा बघून घेऊ."

अण्णानं वाकून ती दोन भोकं पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं.

"ह्या दोन एकमेकीला चिकटून बसल्यात की रं."

"व्हय."

"हात हलला की गोळ्या चारी वाटांनी जात्यात. माझा कागद बघ." त्यानं दोन्ही कागद शेजारी ओढले. "आणि तुझ्या चुकलेल्या पण शेजारी-शेजारी बसल्यात. चुकवायचं ठरवलंस तर नीट नेम धरून चुकवलंस. कारखान्यात असलाच माल पास करतोस व्हय?"

मला हसू आलं आणि लगेच ते गेलं.

"तुझ्या वहिनीनं सांगितलं?"

मी कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

"सांगितलं असंल," तो म्हणाला. "तिला आधीच ठाऊक हाय. गुंडी लावताना माझ्या तोंडाकडं बघत न्हाय ती." तो खुर्चीवर बसला. उजवा हात त्यानं डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि अंगठ्याजवळचा तो खळगा पहिल्यांदाच माझ्यादेखत चाचपला. "उद्या रजा काढ. दवाखान्यात जाऊ. आणि डिसेंबरातलं माझं नाव काढून टाका सुभेदार, दुसऱ्या कोणाचं तरी घाला."

"अण्णासाहेब, एवढी घाई..."

"घाई न्हाय. कळलं आता. हत्यार बरोबर हाय." त्यानं रिव्हॉल्व्हरकडं पाहिलं. "लई बरोबर हाय. जुळलंय बघा आता."

टिटवी उडून गेली होती. सुभेदारांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं पुसली, उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि पेटीत ठेवली. नेहमी पुसताना ते गुणगुणत, त्या दिवशी गुणगुणले नाहीत. मी कागद गुंडाळायला गेलो तर अण्णा म्हणाला, "ते दोन्ही हितंच टाक. घरी न्यायचं न्हाय."

मग तो निघताना थांबला. "सुभेदार, गोळ्यांचं किती झालं?"

"ऱ्हाऊ द्या आजचं."

"का म्हणून ऱ्हाऊ द्या? शिसं काय फुकट येतंय? बारा झाल्या. पंचेचाळीसनं." तो माझ्याकडं वळला आणि छाती पुढं केली. "माझ्या खिशातनं काढ रं. माझ्या सहा आणि तुझ्या चार. दहा माझ्या. त्या दोन तू वाया घालवल्यास, त्याचं तू दे."

मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. चारशे पन्नास रुपये मोजून काढले. मग माझ्या पाकिटातून नव्वद काढले. दोन्ही मिळून पाचशे चाळीस, ते सुभेदारांना दिले.